पायथ्याशी लुत्फी

महदिया, ४ नोव्हेंबर १९९९

खूया मुन्सिफ,

तुझ्या थोरल्या बहिणीचा सलाम. हे पत्र नेहमी ये-जा करणाऱ्या शाजलीच्या हाती देतेय. तो बोटीने सिसिलीला उतरला की मझाराला तुझ्या खोलीवर येईल. त्याला जेवू घाल. बोटीत त्याच्या पोटात काही टिकत नाही.

आधी शेवट सांगते, म्हणजे वाचताना तुझा जीव टांगणीला लागायला नको. उम्मी जिवंत आहे.

आता सुरुवात. आपल्या आईला तू ओळखतोस. गच्चीवर मिरच्या वाळत होत्या आणि आभाळ भरून आलं. "मी येते, तू थांब," असं मी खालून ओरडले. मागावरून उठेपर्यंत बाई टोपली घेऊन जिन्यात, आणि पुढच्या क्षणी जिन्याच्या तळाशी. खुबा मोडला. पडल्या जागेवरून मला काय म्हणाली असेल? "माझ्याकडे काय बघतेस? मिरच्या भिजतायत."

शहरातल्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं, चांगलं झालं. नंतर एकाएकी श्वास लागला. पायातली रक्ताची गुठळी फुफ्फुसात गेली, असं डॉक्टर म्हणाले. आता आयसीयूत आहे. तोंडावर मास्क, मानेच्या शिरेत नळी. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन नावाचं औषध आधी पोटात टोचत होते, आता नळीतून थेंब थेंब चालू आहे. इब्तिसाम नावाची डॉक्टरीण आहे, माझ्यापेक्षा लहान, नखं खाते. पण माणूस समजून बोलते. धोका टळत आलाय म्हणाली.

एक गोष्ट लिहावी की नको, ठरत नव्हतं. काल दुपारी भेटायच्या वेळेत उम्मीने मास्क बाजूला केला आणि मला म्हणाली, "त्याला खुर्ची दे की."

"कुणाला?"

"लुत्फीला. केव्हाचा पायथ्याशी उभा आहे. संकोच करतोय मेला, तुझी परवानगी लागते का त्याला?"

मी हसण्यावारी नेलं. नर्स म्हणाली, आयसीयूत म्हाताऱ्या माणसांना असा भ्रम होतोच, मनावर घेऊ नका. पण मुन्सिफ, लुत्फी बुडून तिसरं वर्ष सरत आलं, आणि या तीन वर्षांत उम्मीने आपल्या या लेकाचं नाव एकदाही उच्चारलं नव्हतं. आणि काल तिने ते असं घेतलं, जणू तो कोपऱ्यावरून पाव घेऊन आलाय.

तू ये. हंगाम संपल्यावर नको, आता ये.

रफीका


मझारा, ११ नोव्हेंबर

उख्ती रफीका,

शाजली जेवला. दोनदा.

पत्र मी खूप वेळा वाचलं. तुला एकटीला सगळं करावं लागतंय याची मला लाज वाटते. पण आत्ता निघणं होत नाही. कोळंबीचा हंगाम आहे, कप्तान कुणाला सोडत नाही. आम्ही आठवडा आठवडा किनारा बघत नाही.

लुत्फीबद्दल लिहिलंस ते बरं केलंस. नर्सचं ऐकू नकोस. उम्मीला झोपेची औषधं देऊन तिचं बोलणं बंद करू देऊ नकोस. हसू नकोस, पण तिला एवढं विचार: तो कुठे आहे? समुद्राच्या कोणत्या भागात? लांपेदुसा बेटाच्या अलीकडे की पलीकडे? तळाशी रेती आहे की खडक? तिला दिसत असेल तर ती त्याला विचारू शकेल.

जाळं वर ओढलं जातं तेव्हा इथले लोक आत मासे किती आहेत ते बघतात. मी आधी डोळे मिटतो. तुला नाही कळायचं. कळू नये.

विचार तिला. माझ्यासाठी.

मुन्सिफ


महदिया, १८ नोव्हेंबर

खूया मुन्सिफ,

विचारलं. माझं मन नव्हतं, पण विचारलं. पडदा ओढून घेतला, शेजारच्या खाटेवरची बाई ऐकेल म्हणून. उम्मीच्या कानाशी वाकून म्हणाले, "लुत्फीला विचार ना, तो कुठे असतो?"

तिने पायथ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "सांगत नाहीये. थंडी वाजतेय त्याला. ओल्या हातांनी माझा पाय धरून बसलाय."

मी तिकडे बघितलं. चादर होती, खाटेचा लोखंडी गज होता. तुझी शपथ, आणखी काही नव्हतं. तरी मी मूर्खासारखी त्या रिकाम्या जागेला म्हणाले, "लुत्फी, सोड रे तिला." मी म्हणाले हे कुणाला सांगू नकोस.

तब्येतीचं लिहिते. चांगलं नाही. रक्तातल्या प्लेटलेट उतरतायत. दीड लाखाच्या वर हव्यात, ऑपरेशनच्या वेळी होत्याही, आता साठ हजारांवर आल्या. पोटावर जिथे सुया टोचल्या होत्या तिथे काळेनिळे डाग पडलेत. डॉक्टर म्हणतात, अंगात कुठेतरी जंतू शिरले असावेत. जंतूंची औषधं बदलली. रक्तस्राव होईल या भीतीने बाहेरून प्लेटलेट चढवल्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली. एक पोक्त डॉक्टर मला म्हणाले, "बाई, आयसीयूत प्रत्येक दुसऱ्या माणसाच्या प्लेटलेट कमी होतात. कारणं शंभर असतात."

हल्लूमा मावशीला मात्र एकच कारण माहीत आहे. घरभर धूप फिरवत होती. मी दारातून आत आले तर माझ्याभोवतीही फिरवला. म्हणाली, "पोर आईला न्यायला आलंय. पोटावरचे डाग बघितलेस ना? बोटं आहेत ती. ओढतोय तिला."

"मावशी, गप्प बस."

"मी गप्प बसते. तो बसणार आहे का?"

उम्मी पाय गार पडला म्हणते, म्हणून लोकरीचे जाड मोजे घेऊन गेले आणि दोन्ही पायांत चढवले. "आता ठीक?" विचारलं. तर म्हणाली, "मोज्यावरून धरलंय."

या घरात मी आता एकटीने मागावर बसू शकत नाही. खटका पडला की मागे वळून बघते.

कप्तानाला सांग, आई मरतेय. काहीही सांग. ये.

रफीका


मझारा, २३ नोव्हेंबर

रफीका,

काल फोनवर तू इतक्या घाईत बोललीस की निम्मं मला कळलं नाही, त्यात दुकानाचा फोन अडवलास म्हणून किराणावाला सालेम मागून ओरडत होता. जेवढं कळलं तेवढं असं: हे सगळं हेपॅरिनमुळे झालं, ते बंद केलंय, त्याऐवजी दुसरं औषध हवंय आणि ते तिकडे कुठेही शिल्लक नाही. डॉक्टरीणबाईंनी पाठवलेला फॅक्स बंदराच्या कचेरीत मिळाला. तो घेऊन पालेर्मोला गेलो. तिथल्या औषधवाल्याने आधी माझ्या कपड्यांकडे बघितलं, मग कागदाकडे, मग आत गेला आणि खोकं घेऊन आला. बर्फाच्या डब्यात घालून शाजलीबरोबर पाठवतोय. तो बोटीवर डबा मांडीवरून खाली ठेवणार नाही अशी मी त्याला शपथ घातली आहे.

मी स्वतःच आणलं असतं. पण उद्या आमची बोट निघते.

पाय कसा आहे असं मी विचारलं तर तू "बरा आहे, थोडी सूज आहे" म्हणालीस. ते कळलं. मग तू रडत का होतीस?

आणि तो? अजून येतो?

मुन्सिफ


महदिया, १२ डिसेंबर

मुन्सिफ,

औषध वेळेत आलं. तू आला नाहीस.

फोनवर मी खोटं बोलले. आता खरं सांगते, नीट बसून वाच.

त्या दिवशी डॉक्टर इब्तिसाम फेरीला आल्या तेव्हा मी तिथे होते. उम्मी पुन्हा तेच म्हणत होती, "सोड रे बाळा, दुखतंय." मला ओशाळल्यासारखं झालं. मी म्हणाले, "माफ करा डॉक्टर. आमचा भाऊ समुद्रात गेला. तो पाय धरतो असं तिला वाटतं."

मला वाटलं, त्याही नर्ससारखं मान हलवून पुढे जातील. त्या थांबल्या. म्हणाल्या, "कुठला पाय?"

इतक्या दिवसांत हे कुणीच विचारलं नव्हतं. मीही नाही. तू तर तो समुद्रात कुठे आहे ते विचारायला लावलंस.

उम्मीनेच उत्तर दिलं, "डावा."

डॉक्टरांनी चादर वर केली आणि डावा मोजा काढला. मी घातलेला मोजा. मुन्सिफ, बोटं काळी-जांभळी पडली होती, पाऊल मेलेल्या माशासारखं गार. उजवं मात्र गरम, गुलाबी. डॉक्टरांनी घोट्यावर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ ठेवून उभ्या राहिल्या. नाडी नव्हती. मग पोटावरचे काळे डाग पुन्हा बघितले आणि नर्सला म्हणाल्या, "हेपॅरिन बंद. आत्ता, या क्षणी."

नंतर बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी मला समजावलं. क्वचित कुणाच्या अंगाला हे औषध शत्रू वाटतं. मग अंगच स्वतःच्या प्लेटलेटना चिथावतं. त्या एकमेकींना चिकटून गुठळ्या करतात, म्हणून मोजताना कमी भरतात. "आम्ही समजलो की आता रक्त वाहील," त्या म्हणाल्या, "आणि ते आतल्या आत गोठत होतं. गोठू नये म्हणून आम्ही जे देत होतो, त्यानेच."

"आणि वरून चढवलेल्या प्लेटलेट?"

त्या नख खात होत्या. "आगीत तेल," म्हणाल्या.

औषध बंद झालं तरी आकडा उतरतच राहिला, चाळीस हजारांच्या खाली. दुसरे डॉक्टर म्हणू लागले की तुमचा अंदाज चुकला, जंतूच आहेत. डॉक्टर इब्तिसाम उम्मीच्या खाटेपासून हलेनात. दर नळीवर हात फिरवत वरपासून खालपर्यंत बघत होत्या. तेवढ्यात नर्स नेहमीप्रमाणे मानेतली नळी धुवायला आली. नळी तुंबू नये म्हणून तिच्यातून पाणी सोडतात. डॉक्टरांनी तिचा हात धरला. "या पाण्यात काय असतं?" त्या पाण्यातही हेपॅरिन होतं. नाममात्र. पण उम्मीच्या अंगाला तेवढंही पुरत होतं. नर्स बिचारी रडायला लागली. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ते पाणीही बंद झालं, शाजली तुझं खोकं घेऊन पोचला, आणि मग कुठे आकडा चढू लागला. आज लाखाच्या वर आहे. उम्मी जगली.

पाय गेला. गुडघ्याखालून.

आता उरलेलं सांगते. ते मी कुणाला सांगितलेलं नाही. इस्पितळात पाय पांढऱ्या कपड्यात गुंडाळून घरच्यांच्या ताब्यात देतात. घरचं कोण? मी. भाड्याच्या गाडीत मागच्या सीटवर तो मांडीवर घेऊन बसले होते. चालकाला वाटलं तान्हं मूल आहे. "मुलगा की मुलगी?" त्याने विचारलं. मी गुंडाळी आणखी जवळ धरली. तो समजला असावा की मूल गेलेलं आहे, कारण त्याने रेडिओ बंद केला आणि घरापर्यंत हळू चालवली.

समुद्राकाठच्या कबरस्तानात, अब्बांच्या शेजारी, ताहेर मामांनी लहानसा खड्डा खणला. इमामांना विचारलं तर म्हणाले, पायाची नमाज नसते, पुरा आणि घरी जा. आम्ही पुरला. लाटांचे तुषार तोंडावर येत होते. माझ्या मनात आलं, लुत्फीला मूठभर मातीसुद्धा मिळाली नाही आणि इथे पायाला कबर मिळतेय. मामा म्हणाले, "चल पोरी, गार लागेल." मला हलवेना.

तू विचारलंस, तो अजून येतो का. भूत नव्हतं ते, मुन्सिफ. गुठळी होती. तू मला भुताशी बोलायला लावत होतास आणि तिचा पाय मरत होता. हे लिहितेय आणि खोडत नाहीये.

रमजान सुरू झालाय. रोज मी एकटीसाठी शोरबा करते आणि निम्मा टाकून देते.

रफीका


मझारा, २० डिसेंबर

रफीका,

खोडू नकोस. खरं आहे.

मीही एक लपवलं. मी बोटीवर नाही. लुत्फी गेल्यानंतर दोनदा चढलो. दुसऱ्या वेळी बंदरातून बाहेर पडताच असा ओरडायला लागलो की कप्तानाने मला परत आणून सोडलं. तेव्हापासून धक्क्यावर बर्फ फोडतो. जाळ्याचं लिहिलं ते खोटं नव्हतं, पण आता ते मला फक्त झोपेत दिसतं. हंगाम, कप्तान, सगळ्या सबबी. आपल्या घरी यायचं तर तेच पाणी ओलांडावं लागतं, आणि धक्क्यावरून नुसतं खाली बघितलं तरी मी मागे सरतो. म्हणून औषध शाजलीच्या मांडीवर आलं.

ती गाडी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. त्या सीटवर तुझ्या शेजारी मी असायला हवा होतो.

ईदच्या आधीच्या बोटीचं तिकीट काढलंय. शाजली म्हणतो, मधल्या दालनात बस, खिडकी नाही तिथे, मी तुझ्या तोंडासमोर टोमॅटोंची टोपली धरतो, म्हणजे तुला दुसरं काही दिसणार नाही. त्याला स्वतःला उलट्या होणार आहेत आणि तो मला धीर देतोय.

उम्मीला सांगू नकोस. मी धक्क्यावरूनच परतलो तर तिला कळायला नको.

मुन्सिफ


महदिया, ६ फेब्रुवारी २०००

खूया मुन्सिफ,

परत मझाराला पोचल्याचा तुझा फोन सालेमने घेतला. "आवाज जिवंत माणसाचा होता," असा निरोप त्याने दिला. मी घरी येऊन हे उम्मीला सांगितलं तर ती म्हणाली, "सालेमला काय कळतंय? त्याने काय खाल्लं ते विचारायचं." म्हणजे तब्येत कशी आहे ते तुला कळलंच.

हल्लूमा मावशीने गल्लीभर सांगितलंय की हेपॅरिन म्हणजे विष. उम्मी इस्पितळाने दिलेलं ते कार्ड गळ्यात घालून असते, तिला ते औषध पुन्हा कधीही देऊ नये असं त्यावर लिहिलंय. परवा दात बघायला आलेल्या डॉक्टरला तोंड उघडायच्या आधी तिने कार्ड दाखवलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तू इथे होतास तेव्हा मी बोलले नाही. ईदच्या दुसऱ्या दिवशी उम्मीने तुला सांगितलं की तो अजून येतो. जो पाय नाही, तोच धरून बसतो. डॉक्टर इब्तिसामनी आधीच बजावलं होतं की असं होतं, पाय गेला तरी मेंदूला ते खरं वाटत नाही. गोळ्याही दिल्या होत्या. उम्मीने त्या उशीखाली सारल्या. "माझ्या पोराला गोळी घालून हाकलू?" असं म्हणाली, आणि तू तिचीच बाजू घेतलीस. रोज संध्याकाळी तिच्या गुडघ्यापुढे चादरीच्या सपाट जागेवर हात ठेवून बसायचास. दोघंही डोळे मिटून. दारातून तुम्हाला बघताना मला भीती वाटायची. मला वाटायचं की लुत्फीने दोघांना नेलं, मीच एक या काठावर उरले.

तू गेल्यावर दुखणं वाढलं. आधी ती नुसता गारवा म्हणायची. आता बोटं पिळवटल्यासारखी, निखाऱ्यावर धरल्यासारखी. ओठ चावून पडून राहायची. गोळी पुढे केली की तोंड फिरवायची.

काल दुपारी मागाजवळ तिची खाट ओढली होती, मी विणत होते. एकदम किंचाळली. धावत गेले तर अंगाला घाम, मुठीत चादर. कळ ओसरल्यावर तिने चादर सोडली. मग म्हणाली, "रफीका, लुत्फीने मला कधी दुखवलं का गं?"

मी आठवून बघितलं. मुन्सिफ, तू दुखवलंस, मी तर कितीतरी वेळा. त्याने नाही. तिच्या पायातला समुद्री काटा काढताना तोच रडत बसायचा.

"नाही," मी म्हणाले.

"मग हा तो नव्हे," ती म्हणाली. "तो असता तर कधीच सोडला असता. हे माझंच आहे. माझं मीच त्याच्या नावावर घातलं."

थोड्या वेळाने म्हणाली, "आण ती गोळी. आणि पाणी गार नको."

मी दिली. तिने गिळली आणि माझ्याकडे अशी रागाने बघत राहिली की जणू मीच कुणाला तरी घराबाहेर काढलं. मग रडली. आवाज नव्हता, नुसतं पाणी वाहत होतं. तीन वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. तशीच झोपली. इतकी गाढ की मी दोनदा नाकापुढे बोट धरून पाहिलं.

आज सकाळी उठली ती भूक लागली म्हणत. पाय कसा आहे, मी विचारलं. "नाहीये," म्हणाली.

मी चादर नीट केली, अंथरूण झटकलं, सगळं केलं. पण तुला खरं सांगू? बसायची वेळ आली की मी खुर्ची उशाशी ओढते. पायथ्याशी मला अजून बसवत नाही.

तुझी,
रफीका